प्रसादाचे दोन वाटे

घरात कोणाला औषधांची अडचण आहे का, असं इथल्या मराठी मंडळाच्या डॉक्टरबाईंनी फोनवर विचारलं आणि मी म्हणालो, सगळं व्यवस्थित आहे. ओट्यावर आईच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची शेवटची स्ट्रिप पडलेली होती. बायको ओट्याशीच उभी होती. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी फोन घेऊन सरळ गॅरेजमध्ये गेलो.

मेलबर्नमधला तो लॉकडाऊनचा हिवाळा. आम्ही पॉइंट कुक या उपनगरात भाड्याच्या घरात राहत होतो. माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं, आणि आमच्यासारख्या टेम्पररी व्हिसावाल्यांना सरकारी मदत नव्हती. आई पुण्याहून नातीला भेटायला आलेली, तेवढ्यात विमानं बंद झाली आणि ती इथंच अडकली. नोकरी गेल्याचं मी तिला सांगितलं नव्हतं. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट चढवून लॅपटॉपसमोर बसायचो. मीटिंग चालू असेल म्हणून ती पाय न वाजवता यायची, चहा ठेवायची आणि जायची. तो चहा मला गोड लागायचा नाही.

त्या वर्षी मंडळाचा गणपती बसणार नव्हता. त्याऐवजी अडलेल्या घरांत शिधा पोचवायचा आणि मंडळातल्या डॉक्टरांनी फोनवर फुकट सल्ला द्यायचा, असं ठरलं. मागणाऱ्याला लाज वाटू नये म्हणून शिध्याला नाव दिलं ‘बाप्पाचा प्रसाद’. युक्ती नामी होती. आमची माणसं मदत नको म्हणतील, प्रसादाला नको म्हणणार नाहीत. आदल्या वर्षी याच मंडळाच्या पंगतीत मी कमरेला उपरणं गुंडाळून लोकांना मठ्ठ्याचा आग्रह करत होतो. आता शिधा मागताना स्वतःचं नाव सांगायला मला दोनदा घसा खाकरावा लागला.

पिशवी दाराशी ठेवून कोणीतरी बेल वाजवली आणि गाडीत बसून निघून गेलं. मंडळ यंदा घरोघरी प्रसाद पाठवतंय, असं मी आईला सांगितलं. एवढ्यावर भागेल असं वाटलं होतं, पण आईच ती. तिनं पिशवी देवापुढे ठेवली, एकेका पाकिटाला हळदकुंकवाचं बोट लावलं, आणि मग खाली बसकण मारून तांदूळ, तूरडाळ, कणीक, गूळ, सगळ्याचे दोन वाटे केले. प्रसाद एकट्यानं खायचा नसतो, अर्धा शेजारी देऊन ये, म्हणाली.

शेजारी मुंबईकर. घर स्वतःचं, नोकरी शाबूत. त्यांनाही आला असेल की, म्हणून मी टाळाटाळ केली. मग इन्फेक्शनची भीती घातली. त्यांना आला असला तरी आपल्यातला अर्धा आपण द्यायचाच, असं म्हणून तिनं पाकिटं माझ्या हातात कोंबली. माझं डोकं फिरलं होतं. आई, हा प्रसाद नाही, तुझ्या इंजिनियर मुलानं मागून आणलेलं धान्य आहे, हे अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि मागच्या अंगणात गेलो.

शेजारी त्याच्या अंगणात कपडे वाळत घालत होता. मी हाक मारली आणि आईनं प्रसाद पाठवलाय म्हणून पाकिटं कुंपणावरून पुढे केली. प्रत्येक पाकिटावर हिरव्या मार्करनं ‘श्री’ लिहिलेलं होतं. तेव्हा माझी नजर त्याच्यामागच्या उघड्या गॅरेजकडे गेली. आत टेबलावर तसलीच पाकिटं ओळीनं मांडलेली होती, तसल्याच हिरव्या ‘श्री’ची. माझी पिशवी यानंच भरली होती. पाकिटं कुंपणावरून पुढे केलेली नसती, तर मी पळालो असतो.

त्यानं पाकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग वाळत्या कपड्यांकडे. अरे, हे तुलाच ठेव, असं तो म्हणू शकला असता. त्यानं मास्क सारखा केला, दोन्ही हातांनी पाकिटं घेतली आणि कपाळाला लावली.

"काकूंच्या गोळ्या आहेत ना रे?" त्यानं हळूच विचारलं.

नो वरीज, हे दोन शब्द माझ्या तोंडात तयारच होते.

"संपत आल्यात," मी म्हणालो.

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"नाही. सगळं आहे म्हणून सांगितलं."

"मी सांगू, की तू सांगतोस?"

मी तिथंच, त्याच्यादेखत, फोन लावला. संध्याकाळी डॉक्टरबाईंनी आईशी बोलून सगळी चौकशी केली आणि दुसऱ्या दिवशी गोळ्या दारात आल्या. मंडळाची किती माया, म्हणून आई हरखून गेली.

पुढच्या आठवड्यातली पिशवी जड लागली. गॅरेजमध्ये उघडून पाहिली, तर नव्या पाकिटांखाली जुनी पाकिटं होती, आईच्या कुंकवाच्या बोटासकट. तिचा अर्धा वाटा त्यानं परत आमच्याच पिशवीत घातला होता. आईला कळू नये म्हणून मी ओल्या फडक्यानं एकेक बोट पुसलं आणि मग पिशवी आत नेली. आईनं पुन्हा कुंकू लावलं, पुन्हा दोन वाटे केले. मला नोकरी लागेपर्यंत दर आठवड्याला हेच चाललं. तो पाकिटं कपाळाला लावायचा आणि मी पुसायचो.

आता आई पुण्यात आहे. ऑस्ट्रेलियात मंडळ गोळ्यासुद्धा घरपोच देतं, असं सोसायटीभर सांगते. त्या शेजाऱ्याचे मी आजवर धड आभार मानलेले नाहीत. तो अंगणात आला की मी काहीतरी निमित्त काढून आत येतो. गणपतीत आईचा फोन येतो. प्रसाद आला का, विचारते. आला म्हणतो.

"शेजारी दिलास ना अर्धा?"

"दिला," मी म्हणतो आणि खिडकीचा पडदा ओढून घेतो.