हरभऱ्याच्या वावरातली व्हॅन

पुण्यातल्या एका कंपनीचं काम मी खामगावात घरी बसून करते. संगणकात रस्ते उभे करायचे, त्यांवर लटक्या गाड्या सोडायच्या आणि कुठे कोंडी होते ते बघायचं. या गाड्या एरवी आपल्या नियमानं चालतात. पण त्या उन्हाळ्याच्या तोंडावर मला त्यांतली एक गाडी खऱ्या गाडीच्या वाटेनं न्यायची होती. खऱ्या गाडीत मोबाइल ठेवायचा, जीपीएसनं टिपलेली तिची वाट घ्यायची आणि पडद्यावरच्या गाडीला सांगायचं, हिच्या पावलावर पाऊल ठेवून चल.

खरी गाडी मिळाली मैत्रिणीची. आम्ही शाळेत एका बाकावर बसायचो. आता ती पिंपळगाव राजाच्या वाटेवरची मुलं व्हॅननं शाळेत आणते आणि परत सोडते. मोबाइल ठेवू का विचारलं तर म्हणाली, "ठेव ना वं. मले काय लपवाचं आहे?"

सकाळची वाट छान जुळली. दुपारची मात्र बिघडली. मुलांना सोडून परत येताना पडद्यावरची व्हॅन मध्येच वेड्यासारखं करायची. या रस्त्यावरून शेतांमधल्या त्या कच्च्या पांदणीवर उडी, तिथून परत डांबरीवर. सॉफ्टवेअरचा नियम असा की टिपलेला ठिपका रस्त्याबाहेर असला तर गाडीला जवळच्या रस्त्यावर आणून ठेवायचं. मला वाटलं, जीपीएस भरकटलं असेल. पण दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तेव्हा मी तो नियम बंद करून पाहिला.

व्हॅन अलगद डांबरीवरून उतरली. नकाशावर तिथे काहीच नव्हतं, नुसता फिका हिरवा रंग. त्या रंगात ती सावकाश गोल फिरू लागली. एक मोठा गोल, मग वाकडा छोटा गोल, मग इंग्रजी आठसारखं काहीतरी. खिडकीत दुपार पेंगत होती, पंखा फिरत होता, आणि मी कितीतरी वेळ ती व्हॅन पाण्यात सोडलेल्या पानासारखी तरंगताना बघत राहिले.

मैत्रिणीला फोन लावला. ती खळखळून हसली. "अम्मी चालवून राह्यली व्हॅन. कोणाले सांगू नको. भाईले तर बिलकुल नाही."

भाई म्हणजे तिचा भाऊ आणि अम्मी म्हणजे तिची आई. बाजारात बांगड्यांचं दुकान चालवणारी, माझ्याही हातात लहानपणापासून बांगड्या भरणारी. अब्बांनी जन्मभर ट्रक चालवला, पण अम्मीनं स्टिअरिंगला कधी हात लावला नव्हता. ते गेल्यावर एक दिवस ती लेकीला म्हणाली, "मुझे सिखा." एवढंच. शिकाऊ लायसन्सही गुपचूप काढून झालं होतं.

पुढच्या दुपारी मी त्यांच्यासोबत गेले. हरभरा निघून गेलेलं वावर होतं, मैत्रिणीच्या मामांचं. कडेला धुऱ्याच्या बांधावरचा पळस फुलला होता. अम्मीनं बुरख्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि बांगड्या वर सरकवल्या. मैत्रीण तिच्या शेजारी, मी मागे मुलांच्या बाकड्यावर.

"क्लच हळू सोड, अम्मी."

"मालूम है. तू चूप बैठ."

व्हॅन हिसका देऊन निघाली. ढेकळांवरून हिंदकळत आम्ही गोल फिरलो, पुन्हा फिरलो. खिडकीतून पळस येई, जाई, परत येई. धूळ उन्हात सोन्यासारखी उभी राहायची आणि आम्ही फिरून तिच्यातच शिरायचो. अम्मी ओठ घट्ट मिटून समोर बघत होती. तिचा चेहरा मला आरशात दिसत होता, आणि तो एखाद्या मुलीचा वाटत होता. गाडी थांबली तेव्हा मला झोपेतून उठल्यासारखं झालं.

काही आठवड्यांनी तिनं गाडी डांबरीवर काढली. पुढेमागे लाल रंगात 'एल' चिकटवलेलं, आतमध्ये आम्ही दोघी श्वास धरून. पिंपळगावच्या अलीकडे शेळ्यांचा कळप आडवा आला. अम्मीनं ब्रेक दाबला. मागे मोटरसायकली, एक टेम्पो, त्याच्या मागे ट्रक. हॉर्नचा कल्ला उठला.

"चल ना, अम्मी, बाजूनं निघते गाडी," मैत्रीण म्हणाली.

"बच्चा पीछे रह गया," अम्मी म्हणाली, आणि मागे राहिलेलं शेळीचं पिल्लू धडपडत पार होईपर्यंत ती हलली नाही.

ती वाट मी कामात घेतली. पडद्यावरची व्हॅन अम्मीच्या ठिपक्यांवरून चालली, अम्मी थांबली तिथे थांबली. मागच्या गाड्यांना मी काहीच शिकवलं नव्हतं, तरी त्या आपल्या नियमानं हळू झाल्या आणि खऱ्यासारख्याच तिच्यामागे रांगेत लागल्या. मला हवं होतं ते हेच. माझं काम जमलं होतं.

अम्मीचं पक्कं लायसन्स आलं तेव्हा भाईला सांगावंच लागलं. तो दोन दिवस रुसला आणि तिसऱ्या दिवशी, दुकानाचा माल आणायला येशील का, म्हणून तिलाच विचारू लागला. त्याच सुमारास ती माझ्या घरी आली. मी तिला पडद्यावर तिची गाडी दाखवली. हनुवटीखाली हात ठेवून तिनं सगळं नीट पाहिलं.

"ये मैं हूँ?"

"हो, अम्मी."

"आणि मागचे हॉर्न नाही वाजवत?"

"यात हॉर्न नसतो."

"अच्छा है," ती म्हणाली, आणि खुर्ची पडद्याजवळ ओढून घेतली. "फिरसे लगा."