वीरगळ 'आहे' की 'होता'

मित्रांनो, मी पुरातत्त्वाची एम.ए.ची विद्यार्थिनी. हडपसरच्या पुढच्या एका गावात ओढ्याकाठी मला वीरगळ सापडला होता, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीत कोरलेला दगड. त्यावरचा माझा पहिला शोधनिबंध मी एका मराठी नियतकालिकाला पाठवलाय. काल संपादकांचा मेल आला: "फोटोत मोजपट्टी नाही. पुन्हा काढून पाठवा."

आज सकाळी गेले. ओढ्याकाठी वीरगळ नव्हताच. रस्ता रुंद करताना जेसीबीने फोडून भरावात टाकला होता.

मला तो पहिल्यांदा दाखवणारे गावातले ज्ञानोबाकाका तिथेच उभे होते. म्हणाले, "पोरी, रस्ता व्हणार हाय, कुणाला तरी सांग, असं म्हणलो व्हतो तुला."

खरंय. मी तेव्हा म्हणाले होते, "निबंध छापून आला की सांगते, काका." दुसरं कुणी आधी छापेल, अशी भीती होती. मग सहा महिने तळटीपा नीट करत बसले.

दुपारी संपादकांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जुना फोटो चालेल. फक्त क्रियापदं भूतकाळात करा."

तेच करतेय, एकेक 'आहे' खोडून 'होता' लिहितेय. तुमच्यापैकी कुणी असं गप्प राहून काही गमावलंय का?