सगळ्यांना एकदमच तहान लागली

माझ्या धाकट्या जावेला मी धाकटीच म्हणते. केस पांढरे झाले तिचे, तरी धाकटीच. ती मला जाऊबाई म्हणते, तेही अशा ठसक्यात की ऐकणाऱ्याला वाटावं मी हिचा छळ करते. छळ कसला डोंबलाचा! मीच तिच्यापुढे कधीचे हात टेकलेत.

आम्ही दोघी एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर समोरासमोर राहतो. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, लवकर गेला. माझा आहे, आणि तो दिवसभर पेपर वाचतो. खाली रस्त्याच्या बाजूला माझं शिवणकामाचं दुकान. पडदे, अभ्रे, शाळेचे युनिफॉर्म, आणि वाढत्या पोटांसाठी पँटची कंबर सैल करून देणं. हे शेवटचं काम कधी संपत नाही.

धाकटी जन्मभर बसमध्ये कंडक्टर होती. आवाज असा की ती घरात "पुढे चला" म्हणाली तर माझा नवरा पेपरासकट पुढे सरकायचा. एकदा तिच्या बसमध्ये एक माणूस मधेच उठून ओरडायला लागला. "सगळे माझ्याकडेच बघतायत, माझ्यावर पाळत आहे," वगैरे. लोक म्हणाले, उतरवा त्याला. हिने काय करावं? खिडकीजवळची एक जागा रिकामी करून घेतली, त्याला बसवलं आणि म्हणाली, "जरा माझी पिशवी धरता का? माझे दोन्ही हात अडकलेत." तो बाप्या शेवटच्या थांब्यापर्यंत ती पिशवी तान्ह्या बाळासारखी मांडीवर घेऊन बसला. माणसाला आधी बसायला जागा द्यावी, तिकिटाचं मग बघू, असं तिचं म्हणणं.

रिटायर झाल्यावर तिने स्वस्थ बसावं की नाही? पण नाही. आमच्या शहरात तेव्हा नवीनच एक व्हॅन सुरू झाली होती. कुणाचं मन बिथरलं, कुणाला जीव नकोसा झाला, कुणी स्वतःला कोंडून घेतलं, तर काठीवाल्या पोलिसांच्या आधी ही निळी व्हॅन जाणार. आत एक नर्स आणि सोबतीला एक साधं, शिकवून तयार केलेलं माणूस. काठी नाही, बेडी नाही, युनिफॉर्मसुद्धा नाही. धाकटीने नाव दिलं आणि निवडली गेली.

"म्हातारपणी मार खायची हौस आलीय का तुला?" मी म्हटलं.

"जाऊबाई, तुमच्याबरोबर इतकी वर्षं काढली," ती म्हणाली, "आता कुणाची भीती?" आणि खो खो हसली. तिचं हसणं चार घरांत ऐकू जातं.

त्यांची कामाची रीत मात्र ऐकण्यासारखी होती. दारावर थापा मारायच्या नाहीत. गेल्या गेल्या बसायचं, पायरीवर किंवा जमिनीवर, त्या माणसापेक्षा खाली. आणि मग त्याच्याकडे काहीतरी मागायचं. धाकटी म्हणे, "बिथरलेल्या माणसाला जो तो काहीतरी सांगत असतो. हे कर, ते करू नको, शांत हो. त्याच्याकडे मागत कुणीच नाही. मी म्हणते, दादा, पाणी मिळेल का? पाणी आणायला उठला की तो घरचा मालक होतो."

आता किल्लीवाल्याचं सांगते. तो आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर मागच्या खोलीत राहतो. स्वभावाने गाय. हात असा की कुलपाला नुसतं कुरवाळलं तरी उघडावं. पण मधूनमधून त्याचा आजार उसळतो. मग झोप उडते, आणि कुणीतरी येऊन सगळ्यांना पळवून नेणार असं त्याच्या मनात घर करतं. मग तो कुलपं बदलत सुटतो. मागच्या खेपेला कुणीतरी पोलिसांना फोन केला. ते आले, दार तोडलं, आणि घाबरून याने हातोडी फेकली. ती आमच्या सेक्रेटरींच्या कानाजवळून गेली. मग झटापट झाली आणि याचा उजवा अंगठा पिरगळला. पुढे कित्येक महिने त्याला किल्ल्या घासायची कानस धरता येईना. कारागिराचा अंगठा हो! त्याची मुलगी औषधाच्या दुकानात काम करते. ती तेव्हापासून बापाजवळ येऊन राहिली.

त्या मुलीनेच इमारतीतल्या सगळ्यांना गोळा केलं. "परत असं झालं तर आधी व्हॅनला फोन करा. आता बाबांना तसं ओढून नेलं, तर ते पुन्हा माणसांत येणार नाहीत. मला ठाऊक आहे," असं म्हणाली, आणि रडली. मग ठरलं, व्हॅन येईपर्यंत आपणच सांभाळायचं, आणि ते कसं, ते धाकटीने शिकवायचं. शाळा भरली माझ्या दुकानात. कापडाच्या गठ्ठ्यांवर लोक बसले. सेक्रेटरी उभेच राहिले. "मी वाट बघेन," ते म्हणाले, "पण अंधार पडेपर्यंत. त्यानंतर मी पोलिसांना बोलावणार." हातोडी ज्याच्या कानाजवळून गेली त्याने असं म्हटलं, तर त्याला तरी नावं कशी ठेवायची?

धाकटीने सगळ्यांकडून घोकून घेतलं. बसा. आवाज खाली. मागा. "काय मागायचं?" "पाणी!" सगळी इमारत एका सुरात. शाळेतली पोरं बरी.

मग एके दिवशी किल्लीवाला माझ्या दुकानात आला. डोळे लाल, दाढी वाढलेली. म्हणाला, "वहिनी, रंगीत दोरे असतील का? उरलेसुरले. सगळे रंग हवेत."

"सगळे रंग कशाला? पतंग उडवायचेत का?" मी खेकसले. माझ्या नाकावर राग, हे सगळ्यांना माहीत आहे. पण दिली रिळं. तो घेऊन गेला.

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी मी एका गिऱ्हाइकाकडे पडदे लावायला गेले. परत येते तर आमच्या लोखंडी गेटला हे एवढं नवीन कुलूप, आणि सगळी इमारत बाहेर फुटपाथवर! कामावरून आलेले, भाजीच्या पिशव्या घेतलेले, संध्याकाळचा पेपर आणायला खाली उतरलेला माझा नवरा. आत गेटजवळ स्टुलावर किल्लीवाला, मांडीवर पत्र्याचा डबा, हातात कानस. आपल्या मुलीलाही त्याने आत घेतलं नव्हतं. "बाहेरच राहा. आत कुणी घुसलं तर सगळ्यांना नेतील," एवढंच म्हणत होता.

मुलीने व्हॅनला फोन केला होता. धाकटी आणि नर्स शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होत्या. निघाल्या होत्या, पण वाटेत गर्दी.

तोवर आमचे विद्वान कामाला लागले. पहिल्या मजल्यावरचे मास्तर फुटपाथवर बसले आणि गोड आवाजात म्हणाले, "दादा, पाणी मिळेल का?" किल्लीवाल्याने त्यांच्याकडे बघितलं, उठला, गजांतून ग्लास दिला. सगळ्यांनी एकमेकांना डोळ्यांनी शाबासकी दिली. इथे थांबायचं ना! पण मास्तरांच्या बायकोलाही मागायचं होतं. मग वरच्या मजल्यावरचा टॅक्सीवाला बसला. "दादा, पाणी मिळेल का?" मग त्याची आई. मग माझा नवरा, ज्याने घरात कधी स्वतःच्या हाताने पाणी घेतलं नाही, तोही पेपर अंथरून बसला. "दादा, पाणी..."

किल्लीवाला ताडकन उठला. "सगळ्यांना एकदम तहान कशी लागली?" त्याचा आवाज फाटला. "कुणी शिकवलंय तुम्हाला? पाण्यात काय आहे?" आणि ग्लास भिंतीवर फुटला.

अति तिथे माती, दुसरं काय! लोक मागे सरले. मुलगी गेटचे गज धरून "बाबा, बाबा" करत होती. बाहेर उजेड कमी होत चालला होता. सेक्रेटरींनी खिशातून फोन काढला, पण नुसता हातात धरला.

तेवढ्यात व्हॅन आली. धाकटी उतरली, फुटपाथवरचे हे सगळे तहानलेले जीव पाहिले आणि कपाळाला हात लावला. "चूक माझी," ती म्हणाली. "सगळ्यांना एकच वाक्य शिकवलं मी." मग गेटसमोर जाऊन तिने मांडी घातली.

"तुम्हीही पाणीच मागणार ना?" तो आतून म्हणाला.

"नाही," धाकटी म्हणाली. "मला काही नको. मी नुसती बसते."

आयुष्यात पहिल्यांदा तिला पुढचं काही सुचत नव्हतं. तिच्या मानेवरून मला ते ओळखता येतं. तो तिच्याकडे पाठ करून कानस घासत राहिला. सेक्रेटरी म्हणाले, "आता अंधार पडायला आला." मुलीने त्यांचा हात धरला. "काका, थोडं थांबा. त्यांचा अंगठा..."

आणि मी? माझी निराळीच पंचाईत. मी गिऱ्हाइकाकडे दोन कप चहा प्याले होते. मला केव्हापासून बाथरूमला जायचं होतं. चारचौघांत सांगणार कुणाला? पाय आवळून उभी होते. शेवटी सहनशक्ती संपली आणि मी गेटजवळ जाऊन ओरडले, "अरे किल्लीवाल्या! तुझी कुलपं घाल चुलीत! मला बाथरूमला जायचंय! आता या वयात मला भर रस्त्यात फजित करतोस का?"

धाकटीने डोळे मिटले. मला वाटलं, झालं, आपण सगळा घोळ केला.

किल्लीवाल्याची कानस थांबली. तो माझ्याकडे वळला. "खरंच?"

"खोटं कशाला सांगू? ही काय हौस आहे?"

तो लगबगीने उठला, कुलूप काढलं, माझ्यापुरतं गेट उघडलं. "या वहिनी. लवकर या." आणि माझ्यामागे पुन्हा लावून घेतलं. आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत चढायची माझी छाती नव्हती, म्हणून त्याच्याच खोलीतल्या बाथरूममध्ये गेले.

बाहेर आले तर तो स्टुलावर बसला होता. किल्ली कुलपातच लटकत होती. हात पुढे केला असता तर सगळ्यांना आत घेता आलं असतं. गेटपलीकडून धाकटी माझ्याकडे बघत होती. मी हात पुढे केला नाही. जिन्याच्या पायरीवर, त्याच्यापेक्षा खाली बसले.

"बरं वाटलं?" त्याने विचारलं.

"जीव भांड्यात पडला बाबा," मी म्हटलं.

तो हसला. दाढीतून, दमलेला, पण हसला. मग मी विचारलं, "त्या डब्यात काय आहे?"

त्याने डबा उघडला. आत किल्ल्या. प्रत्येकीला माझ्या दुकानातला दोरा, वेगवेगळ्या रंगाचा. "या गेटच्या. प्रत्येक घराला एकेक," तो म्हणाला. "तुम्हाला कुणाला बाहेर ठेवायचं नव्हतं वहिनी. नवीन कुलूप, म्हणून नवीन किल्ल्या. एकच राहिली होती करायची."

माझे डोळे भरले, उगाच कशाला लपवू? हा माणूस झोप न घेता आमच्यासाठी किल्ल्या घासत होता, आणि आम्ही बाहेर उभे राहून त्याच्याकडे पाणी मागत होतो.

पहिली किल्ली त्याने गजांतून सेक्रेटरींना दिली, लाल दोऱ्याची. "तुम्हाला चष्म्याशिवाय दिसावी म्हणून." सेक्रेटरींनी फोन खिशात टाकला आणि दोन्ही हातांनी ती घेतली.

पण गंमत ऐका. प्रत्येकाने आपापल्याच किल्लीने उघडून यायचं, असा त्याचा हट्ट. म्हणजे एक घर आत, कुलूप बंद. दुसरं घर आत, कुलूप बंद. फुटपाथवर रांग लागली. तिथे धाकटीला कंठ फुटला. "पुढे चला, पुढे चला, दारात गर्दी करू नका!" किल्लीवाल्यालाही हसू आवरेना.

सगळे आत गेल्यावर मुलगी आणि नर्स त्याच्याजवळ बसल्या. नर्सने झोपेबद्दल विचारलं, औषधांबद्दल विचारलं. दवाखान्यात काही दिवस राहायला तो तयार झाला. आपल्या पायांनी चालत व्हॅनपर्यंत गेला. धाकटीने त्याला खिडकीजवळ बसवलं आणि आपली पिशवी त्याच्या मांडीवर दिली.

त्यानंतर शहरात विचारणा झाली, ही व्हॅन पुढे चालू ठेवायची का, तेव्हा सभेत सर्वांत आधी उठले ते आमचे सेक्रेटरी. गेट उघडणाऱ्या एका तातडीच्या अडचणीबद्दल ते इतकं रंगवून बोलले की मी आठवडाभर दुकानाबाहेर तोंड काढलं नाही. व्हॅन राहिली. किल्लीवालाही परत आला, आणि आता त्याची कानस माझ्या मशीनच्या ठेक्यावर चालते.

पण त्या संध्याकाळचं एक राहिलं. व्हॅन निघायच्या आधी त्याने खिशातून शेवटची किल्ली काढली, तीच, जी करायची राहिली होती आणि सगळे आत येईपर्यंत त्याने घासून पुरी केली होती. निळा दोरा.

"ही कुणाची?" धाकटीने विचारलं.

"व्हॅनची," तो म्हणाला. "माझ्या खोलीची आहे. पुढच्या वेळी मी उघडलं नाही, तर दार तोडू नका. उघडून या."

धाकटीने ती मुठीत घेतली. ती हसली नाही, पहिल्यांदाच.