गाडीचं कार्पेट आणि मामाजींचा ऑटोचा हट्ट

मंडळी, आज इतकी दमलेय की हे पडल्या पडल्याच लिहितेय.

माझ्या सासऱ्यांना, मामाजींना, एक दिवसाआड दवाखान्यात मीच नेते. काल परतताना त्यांना गाडीत उलटी झाली. आज सकाळी म्हणाले, "उद्या मले ऑटो करून दे. तुह्या गाडीत मी आता बसत नाई."

मी कालच कार्पेट पुसलं होतं, पण वास जाईना. म्हणून दुकानात गेले. मला हातात मावणारा छोटा व्हॅक्यूम हवा होता. दुकानदार म्हणाला, "ताई, हा फक्त धूळ ओढते. धुवायचं असंन तर पाणी ओढणारा घ्या, नाईतर मोटर जळंन."

मग पाणी ओढणारं ते जड, डब्यासारखं मशीन आणि एक मऊ ब्रश घेऊन आले. साबणाचं पाणी मारून घासलं, मशीनने ओढलं. असं तीनदा. कंबर गेली.

मशीनचा डबा रिकामा करताना मामाजी मागे येऊन उभे राहिले. पाणी काळंकुट्ट होतं.

"हे सारं माह्यानंच झालं का वं?"

"नाही हो मामाजी. तुमचं कालचं जरासंच. बाकी आमची चार वर्षांची माती आणि सांडलेला चिवडा आहे."

ते वाकून बघत राहिले. मग किंचित हसले.

"मंग उद्यासाठी ऑटोवाल्याले नको सांगजो," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

आजारी माणसाला आपल्याच घरात ओझं झाल्यासारखं वाटतं, तेव्हा तुम्ही काय बोलता? मला दर वेळी सुचत नाही.