प्रवीणचा शेवटचा बदल

प्रवीण गेल्याचा फोन आला तेव्हा मी वणीला कॉलेजात प्रॅक्टिकल घेत होतो. हृदयविकाराचा झटका, सकाळी चहा घेता घेता... एवढंच कळलं. फोन ठेवला आणि वेड्यासारखा पुढच्या मुलीचा प्रोग्राम तपासत बसलो. पांढरकवड्याला जाताना एसटीत मेल उघडली, तर आदल्या संध्याकाळचा त्याचा निरोप सगळ्यात वर होता. नवा बदल टाकला हाय, निवांत पाह्यजो. तेव्हापासून पुष्कळ काही पाहिलं, निवांतपणा तेवढा सापडलेला नाही.

हा बदल कसला, ते सांगायला हवं. जगभरचे प्रोग्राम लिहिणारे आपलं काम एका वेबसाइटवर ठेवतात. तिथं कुणीही दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये दुरुस्ती सुचवू शकतो, आणि मालकानं मंजूर केली तरच ती आत जाते. प्रवीणनं तिथं एक ॲप ठेवलं होतं. केळापूर भागातल्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, जाणाऱ्या आरोग्यसेविकांना कोलामी येत नाही, म्हणून ताप, जुलाब, बाळंतपण, औषधं यांबद्दलची वाक्यं त्यानं पोडावरच्या माणसांच्या आवाजात भरून घेतली होती. बोट लावलं की फोन कोलामीत बोलायचा. राजूरच्या कोळसा खाणीत काम करणाऱ्या बापाचा हा मुलगा, पांढरकवड्यात कॉम्प्युटर क्लास चालवायचा आणि उरलेला सगळा जीव या ॲपमध्ये ओतायचा. मी त्याचा जोडीदार, म्हणजे भांडायला ठेवलेला माणूस.

तिथली सगळी चर्चा तो वऱ्हाडीत लिहायचा. एकदा कुठल्याशा परदेशातल्या पोरानं आपणहून एक दुरुस्ती पाठवली. प्रवीणनं उत्तर दिलं, ‘भाऊ, काम बेस केलं, पण आवाज काहून हळू केला?’ त्या बिचाऱ्यानं ते कुठल्या यंत्रातून भाषांतर करून पाहिलं असेल कोण जाणे, पण हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि आवाज वाढवून दिला. मी म्हटलं, अरे, निदान प्रमाण मराठीत तरी लिही. तो हसला, आणि पुढचा शेरा आणखी ठसक्यात लिहिला.

एक चूक मात्र त्याला फार लागली होती. दोन पोडांवरच्या दोन म्हाताऱ्यांनी तीच वाक्यं सांगितली होती. याला वाटलं, दुहेरी झालं, आणि एकीची वाक्यं त्यानं काढून टाकली. पुढच्या खेपेला त्या पोडावर कुणी त्याला बसायलाही सांगेना. आमच्या बुढीनं बोललेलं तुम्ही पुसलं, म्हणाले. ती वेबसाइट जुनं काहीच फेकत नाही, त्यामुळे आवाज परत आणता आला. पण त्या दिवशी त्यानं स्वतःलाच जखडून घेतलं. ॲपमधला कुठलाही बदल, त्याचा स्वतःचा असला तरी, दुसऱ्या माणसानं तपासल्याशिवाय आत जाणार नाही, अशी व्यवस्था त्यानं लावली. आणि मला बजावलं, “माणूस पाहून पास करू नोको बे. काम पाह्य.”

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आणि सेविकांचे फोन सुरू झाले. नव्या फोनवर ॲप उघडतच नव्हतं. प्रवीणचा शेवटचा बदल नेमका त्यासाठीच होता. मी मंजूर म्हटलं की काम झालं. बटणावर बोट नेलं, आणि सवयीनं आधी ॲप चालवून पाहिलं... उघडलं, झकास चाललं. मग एकेक वाक्य जुन्या आवाजाशी ताडून ऐकत गेलो. फायली लहान करताना त्यानं आवाजाची शेपटं छाटली होती. ‘ही गोळी रिकाम्या पोटी’ एवढं बोलून म्हातारी गप्प व्हायची. घ्यायची की नाही घ्यायची, ते कापलेल्या तुकड्यात गेलं होतं.

कितीतरी दिवस घरात येरझारा घालत होतो. मेलेल्या मित्राचं काम नापास करायचं? चिडलोही त्याच्यावर. एवढी घाई कसली होती रे तुला! शेवटी पांढरकवड्याला गेलो आणि रेखावहिनींना, त्याच्या बायकोला, सगळं सांगितलं. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, समजायला वेळ लागला नाही. पण त्यांचा चेहरा कडू झाला. “भाऊजी, त्यायचं शेवटचं काम हाय ते. त्याच्यावर चूक म्हणून कायले लिहिता? जसं हाय तसं घ्या, अन् मागून गुपचूप सुधरा.”

मी त्यांना ती गोळी ऐकवली, आधीची पूर्ण आणि आताची कापलेली. त्यांनी पुन्हा लावायला सांगितली. मग वेबसाइटवरची आमची जुनी भांडणं उघडून दाखवली. मी त्याला काढलेल्या चुका, त्यानं मला हाणलेले टोले, आणि सगळ्याखाली त्याचं ‘बरोबर हाय तुयं, सुधरतो’. वहिनी वाचत गेल्या. एके ठिकाणी हसल्या, आणि हसता हसताच पदर तोंडाला लावला. मग पदर सारखा करून म्हणाल्या, “लिहा.”

मी लिहिलं, ‘प्रवीण, शेवटचे शब्द कापले जाऊन राह्यले. बुढी गोळीचं सांगता सांगता मधातच थांबते. हे असं पास नाही करत मी.’ आणि पाठवून दिलं. दुरुस्ती मीच करणार होतो, ती जुन्या आवाजाशी ताडून मंजुरी वहिनी देणार होत्या, तेवढं आमचं ठरलं होतं.

त्याच क्षणी आतल्या खोलीत प्रवीणचा फोन वाजला. वहिनींनी तो चार्ज करून चालू ठेवला होता, हे मला ठाऊक नव्हतं. शेरा आला की ती वेबसाइट ज्याचं काम, त्यालाच कळवते... तिला कोण सांगणार? मी बंद करायला उठलो, तसा वहिनींनी माझा हात धरला.

“वाजू द्या,” त्या म्हणाल्या. “त्यायच्यासाठी आलं हाय.”