हळदीचं शेवटचं पाणी

एक पाणी द्यायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. मी आता म्हातारी झाले, पण हे सांगायला बसलं की अजून माझं डोकं तापतं. हळदीच्या एका पाण्यावरून माझे आबा आणि आत्याचे मालक यांनी आठ-नऊ वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, आणि त्यापायी माझ्या धाकट्या भावाचं नाव राहून गेलं.

आमचं गाव कुरुंद्याच्या अलीकडे. तेव्हा निजामाचं राज्य होतं. आत्या गावातच दिलेली, आमच्यापासून चार घरं सोडून. आमच्याकडे एक बैल, तिच्याकडे एक. एका बैलानं ना नांगर चालतो ना मोट, म्हणून दोन्ही घरांची सावड होती: दोघांचे बैल एका जुवाखाली, विहीर आमची, मेहनत दोघांची, आणि विहिरीजवळची हळद निम्मी-निम्मी. आत्याच्या मालकांना आम्ही मामा म्हणायचो. आमच्या बांड्याला त्यांच्या ढवळ्याची इतकी सवय की दुसऱ्या बैलाशेजारी तो पाऊल उचलायचा नाही.

त्या हिवाळ्यात मी मायच्या बाळंतपणाला माहेरी आले होते. लेकीचं लग्न झाल्यावर आपल्याला दिवस गेले म्हणून माय लाजून अर्धी झाली होती. आम्ही चार बहिणी, आणि आता पाचव्या खेपेला मुलगा झाला. सगळ्यांत जास्त हरखली ती आत्या. तिला मूलबाळ नव्हतं. आम्हा चौघींची नावं तिनंच ठेवलेली. आमच्याकडे बाराव्या दिवशी आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करते, नाव सांगते आणि मग बाया तिच्या पाठीत धपाटे घालतात. ते धपाटे खायला आत्या दरवेळी नवं लुगडं नेसून यायची.

"नाव ठरलंय माझं," ती दारातूनच म्हणाली.

"सांग की मग!" मी म्हणाले.

"बारशाच्या आधी नाव फोडत न्हाईत, बाई. तुझ्या मायलाबी सांगनार न्हाई."

आणि त्याच आठवड्यात हळदीचं पाणी आडवं आलं.

हळद काढायच्या आधी काही दिवस पाणी तोडावं लागतं. कधी तोडायचं, यावर दरवर्षी थोडी कुरबुर व्हायची आणि दुपारच्या भाकरीपर्यंत मिटायची. त्या दिवशी मी भाकरी घेऊन गेले तेव्हा आबा रानाच्या वरच्या अंगाला उभे होते आणि मामा खालच्या. आमचं रान उताराचं. वर मुरमाड, खाली काळी भारी जमीन.

"दाजी, हे बघा," आबांनी वरचं ढेकूळ उचलून चुरडलं. "मातीचा भुगा झालाय. एक पानी द्यावंच लागतंय."

"आन हे काय हाय पाव्हनं?" मामांनी खालच्या वाफ्यात पाय रोवून दाखवला. "चिखल हाय चिखल. आनखी पानी द्या, म्हंजे गड्डे सडून जातेल."

मला तर हसूच आलं. म्हटलं, "मग वरच्या वाफ्याला द्या आन खालच्याला देऊ नका. पाट मधीच फोडा."

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भाकरीत खडे घालून आणले होते.

"हिला कोनी शिकवून धाडलं?" मामा म्हणाले.

"काहून गं," आबा माझ्यावरच ओरडले, "तू माझी लेक हायस का त्यांची वकील?"

मी कुणाचीच वकील नव्हते हो! मला फक्त दोन तऱ्हेची जमीन दिसत होती. ती त्यांनाही दिसत होती, सगळी हयात त्यांनी त्याच रानात काढली होती. पण तोवर शेजारच्या बांधावर चार माणसं हातातली कामं टाकून उभी राहिली होती, आणि तिथंच माती झाली. ऐकणारं कुणी नसतं तर दोघांपैकी एक जण म्हणाला असता, बरं बाबा, थोडं तुमचंबी बराबर. चार माणसांपुढे हा 'थोडं' शब्द तोंडातून निघत नाही. थोडं सोडलं की सगळंच हरलो असं पुरुषांना का वाटतं, देव जाणे. बायांनाही वाटतं, उगाच खोटं कशाला बोलू. शिवाय दोघंही आतून भ्यालेले होते. वर्षाचं पोट त्या हळदीवर. भ्यालेल्या माणसाला 'इथं असं, तिथं तसं' हे ऐकवत नाही, त्याला एकच काय ते पक्कं हवं असतं.

मग बोलणं पाण्यावरून सुटलं आणि माणसावर गेलं. मामा म्हणाले, "तुमी पयल्यापासून आसेच. विहीर तुमची म्हनून आमी तुमचे गडी का?" आबा म्हणाले, "तुमच्या पोटात आदीपासून काळंच होतं." आदीपासून! आदल्या दिवशी हेच दोघं एका चंचीतली तंबाखू मळत बसले होते. पण एकदा भांडण लागलं की मागची सगळी वर्षंसुद्धा एकाच रंगाची होतात. मामांनी ढवळ्याला जुवातून सोडलं आणि कासरा धरून चालू लागले. मागे बांड्या एकटा मान वाकडी करून हंबरत राहिला. पाणी कुणालाच मिळालं नाही, वरच्या वाफ्यालाही नाही.

गावाला काय, निमित्तच पाहिजे होतं. ओढ्यावर धुणं धुवायला गेले तर बाया विचारायला लागल्या, "तुमी पानी देनाऱ्याकडचे का तोडनाऱ्याकडचे?" त्यातल्या दोघींच्या घरी हळदीचं एक पान नव्हतं, तरी त्याही कुठल्या तरी बाजूला होत्या. मी म्हटलं, "आमी बाळंतिनीकडचे हाव. सरका, लेकराचे बाळोते धुवायचे हायेत."

बारसं दोन दिवसांवर आलं तेव्हा मी आबांच्या पुढ्यात जाऊन बसले. "आबा, आत्या पाळन्याला यील. घडीभर थांबल, नाव ठिवल आन जाईल. तिचा हळदीशी काय संबंध?"

"यायचं तर कायमची ये म्हनावं तिला. माझी भन म्हनून माझ्या घरी ऱ्हावं. न्हाई तर येऊच नये."

तशीच उठून मामांकडे गेले. मामा ओसरीवर दोर वळत होते. मान वर न करता म्हणाले, "जाऊ दे की तिला. मी कुठं धरून राहिलो? पर गेली तर परत ह्या उंबऱ्यात यायचं न्हाई."

घ्या! एक म्हणतो कायमची ये, दुसरा म्हणतो कायमची जा. घडीभराची जागा दोघांकडेही नव्हती. मला वाटलं, दोघांची डोकी धरून एकमेकांवर आपटावीत.

आत्या आत चुलीपुढे बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. नवं लुगडं घडी मोडून खुंटीवर टाकलेलं. मी तिच्या कानाशी म्हटलं, "नाव तरी सांग. मी सांगते त्याच्या कानात, तुझं म्हनून."

"नाव म्हंजे काय दह्याची वाटी हाय का, तुझ्या हाती धाडायला?" ती म्हणाली. "माझ्या तोंडानं जायला पायजे ते. मी यीन. ह्यांचं डोस्कं थंड झालं की यीन." आणि मग पदर डोळ्यांना लावून तिनं चुलीतलं लाकूड उगाचच पुढे सारलं.

बारशाला आबांनी एक चुलत बहीण बोलावून आणली. ती पाळण्यावर वाकली मात्र, मायनं लेकराला छातीशी ओढलं. "माझ्या लेकराच्या कानाला दुसरीनं तोंड लावायचं न्हाई. त्याची आत्या यील तवाच नाव." झालं, आता तीही हट्टाला पेटली. आत्याची माया मला कळत होती, मायचाही जीव कळत होता, पण म्हटलं, या घरात एकाला तरी मधलं काही सुचेल का? घुगऱ्या वाटल्या, पाळणा म्हटला, आणि बाया नाव न ऐकताच घरी गेल्या.

काढणीला दोन्ही घरं आली, एकमेकांकडे पाठ करून. वरच्या अंगाची हळद सुकून बोटाएवढी निघाली. खालचे चांगले मुठीएवढे गड्डे, पिवळेजर्द. मला वाटलं, आता तरी दोघं खाली मान घालतील. कशाचं काय! आबा वरची सुकी हळद उपरण्यात बांधून पारावर गेले, "बघा, पानी तोडल्याचे परिनाम." मामा खालचे गड्डे घेऊन त्याच पारावर, दुसऱ्या टोकाला, "बघा, पानी दिलं आसतं तर हे सडलं आसतं." दोघंही खरंच बोलत होते, हीच तर मोठी पंचाईत. अर्धं खरं हातात असलेला माणूस पुरा खोटा असलेल्यापेक्षा जास्त छळतो, त्याला खोडूनच काढता येत नाही.

मी सासरी, डोंगरकडा गावी, परत गेले, मला मुलं झाली. माहेरी येई तेव्हा दोन्ही घरी अर्धी जोडी उभी दिसायची आणि दोन्ही घरं दुसऱ्यांच्या बैलासाठी दारोदार फिरायची. भाऊ मोठा होत होता. घरात सगळे त्याला लहान्या म्हणत. पुढे शाळेत घातला तेव्हा मास्तरांनी विचारलं, नाव काय? आबा म्हणाले, लहान्या. मग मास्तरांनीच आपल्या मनानं एक नाव घातलं. आत्याला तो वाटेत दिसे, ती उभी राही, त्याच्याकडे बघे आणि घागर घेऊन पुढे जाई.

निजाम गेला त्या वर्षी मी मुलांना घेऊन माहेरीच होते. दिवस वाईट होते, कोण कधी गावात शिरेल याचा भरवसा नव्हता. गावातले पुरुष पारावर एकत्र बसून राहत. एका दुपारी मी आबांना पाणी घेऊन गेले. आबा तळहातावर तंबाखू घेऊन डबी उघडत होते. डबी रिकामी. त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं आणि शेजारी वळून म्हणाले, "दाजी, चुना हाय का?"

मामांनी चुना पुढे केला.

एवढंच! माफी नाही, हळदीचं नाव नाही, कुणाचं चुकलं ते नाही. मी तांब्या हातात धरून उभी. मला आनंद व्हायला हवा होता आणि मला नुसता संताप आला. एवढ्यानंच भागणार होतं, तर आत्याला इतकी वर्षं कशापायी जाळली?

दुसऱ्या दिवशी आत्या आमच्या दारात आली. तेच लुगडं, घडीवर विटलेलं. केस पांढरे झालेले. बाहेर ओट्यावर आबा आणि मामा एका चंचीतून तंबाखू मळत बसले होते. तिनं लहान्याला जवळ घेतलं. चांगला आठ-नऊ वर्षांचा पोरगा, त्यानं लाजून अंग चोरलं. मायनं कामाचे हात पुसले, मी धपाटा घालायला आत्याच्या मागे जाऊन उभी राहिले.

आत्यानं त्याच्या कानाशी तोंड नेलं. "कुर्रर्र," म्हणाली. आणि थांबली.

तिचे ओठ नुसते हलत होते.

"रोज म्हनत होते की मी मनात," ती पुटपुटली. "कित्येक वर्सं, रोज. आन मग कवा गेलं गं... इसरले."

लहान्याला काय कळणार! कान चोळत तो हसला. "पुढं काय, आत्या? नाव काय?"

आत्या सरळ झाली. तिनं ओट्यावरच्या दोघांकडे पाहिलं.

"त्यांला इचार," ती म्हणाली. "त्यांला सगळं बराबर ठाऊक आसतंय."