चार कानांची गोष्ट

आमची गाडी चोवीस वर्षांची, तिचे मिस्त्री सत्तरीचे, आणि दोघांनाही घरच्यांनी मोडीत काढायचं ठरवलं होतं. मुलाने फोनवर मला सांगितलं होतं, "आई, आज चालू झाली तर ठेव. नाहीतर उद्या सकाळी भंगारवाला उचलून नेईल." मी 'बरं' म्हटलं. आमचे हे जाऊन सात आठवडे झाले होते आणि मी सगळ्यांनाच 'बरं' म्हणत होते.

मिस्त्रींना सगळे टोकभाऊ म्हणत. तारेच्या जोडावर काळी टेप गुंडाळली की तिचं शेवटचं टोक ते नखाएवढं आत दुमडत, म्हणजे पुढे कधी सोडवायची झाली तर ते बोटाला चटकन सापडावं. एवढी तसदी दुसरं कुणी घेत नाही. आमचे हे त्यांची फिरकी घेत, "पुढच्या मिस्त्रीची फार काळजी बुवा तुला!" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "पुढचा मिस्त्री पण मीच असणार ना!"

त्या दिवशी ते सकाळी नऊलाच आले. मुलाचा निरोप सांगितल्यावर म्हणाले, "वहिनी, ही आज चालू झाली नाही तर मी पण पान्हा खाली ठेवतो. सूनबाई कधीची मागे लागलीय, दुकान बंद करा म्हणून." हसत हसत म्हणाले, पण थट्टा नव्हती ती. मी बरं म्हटलं.

त्यांनी बॉनेट उघडलं आणि मला किल्ली फिरवायला बसवलं. गाडी मला चालवता येते, पण या गाडीला यांनी मला कधी हात लावू दिला नव्हता. बॅटरी उतरली होती, ती त्यांनी बदलली. मग सेल्फ जोरात फिरू लागला, पण इंजिन काही पकडेना. पेट्रोल येत होतं. प्लगला ठिणगी नव्हती. त्यांनी प्लग घासले, पॉइंट साफ केले, कॉइल नवी टाकली. "मारा!" म्हणाले की मी किल्ली फिरवायची. ढिम्म.

मग त्यांनी तेच चारही प्लग पुन्हा काढले आणि पुन्हा घासायला बसले. मी म्हटलं, "भाऊजी, हे झालेत की मघाशी."

"झालेत?" त्यांनी हातातल्या प्लगकडे पाहिलं. "हो, झालेतच."

मला तेव्हा काहीच वाटलं नाही. त्या दिवसांत कुणी समोर गच्चीवरून पडलं असतं तरी मी आधी दूध उतू गेलं का ते पाहिलं असतं.

जेवणाची वेळ टळून गेली. शेवटी त्यांनी तपासणीचा छोटा दिवा तारेला लावून पाहिला, तर किल्ली चालू असूनही कॉइलपर्यंत करंटच पोचत नव्हता. स्टिअरिंगखालचं झाकण काढल्यावर एक जादाची तार निघाली. तिच्यावर बोट ठेवून ते पायपुसण्याखाली गेले, तिथून माझ्या सीटखाली. तारेला एक जोड होता, त्यावर काळी टेप. टेपचं टोक आत दुमडलेलं होतं.

ते तसेच गुडघ्यांवर बसून राहिले.

"कुणाचं काम हे?" मी विचारलं.

"माझंच," ते म्हणाले. "चोरबटण आहे, ते दाबल्याशिवाय चोराला गाडी चालू करता येत नाही. उजव्या टाचेजवळ हात घाला."

मी वाकले, चाचपलं, बटण दाबलं आणि किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात गाडी चालू झाली.

हे रोज गाडीत बसले की असेच वाकायचे. मला वाटायचं, बूट सैल होतो. मी यांना तीन वेळा नवे बूट आणून दिले आणि या माणसाने तिन्ही वेळा गुपचूप घातले! मला संताप आला. सात आठवड्यांत मला पहिल्यांदा काहीतरी आलं होतं.

"मला का नाही सांगितलं यांनी?"

"मीच बजावलं असणार. बायकोला पण सांगायचं नाही, असं सांगतो मी सगळ्यांना. चार कानांत राहिलं तर चोरबटण, सहा कानांत गेलं की नुसतं बटण." मग त्यांनी टेपचं टोक अंगठ्याने दाबून बसवलं. "पण कधी बसवलं, काही आठवत नाही वहिनी. टेप दिसली नसती तर कुणी शपथ घालूनही मी मानलं नसतं. हे आपल्या चार कानांतच राहू द्या."

मी बरं म्हटलं आणि पाळलं. त्यानंतर वर्षभर त्यांचं दुकान चालू राहिलं.

आता ते घरीच असतात. काही लपवायला सांगितलं होतं, हेही त्यांना आठवत नाही. म्हणजे ते गुपित आता माझ्या दोन कानांत उरलंय. परवा त्यांना भेटायला गेले तर गाडीचा आवाज ऐकून फाटकापाशी आले.

"इंजिन सुरेख आहे हो," मला म्हणाले. "कोण बघतं गाडी?"

"आहेत एक मिस्त्री. टेपचं टोक दुमडतात."

"मग चांगला असणार," ते म्हणाले. "सोडू नका त्याला."